‘तुमचे संपर्क’ म्हणजे कुणाचे?

गेल्या वर्षी जूनमध्ये, सकाळी पावणेआठला, अनोळखी नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. फोटोत माझा मामेभाऊ. आधार कार्डावर येतो तसा भेदरलेला चेहरा, वर लाल अक्षरांत ‘चोर’, खाली त्याचं पूर्ण नाव. त्याखाली मोडक्या हिंदीत मजकूर: या माणसाने आमचे पैसे बुडवले आहेत, जामीनदार म्हणून तुमचा नंबर दिला आहे, त्याला पैसे भरायला सांगा, नाहीतर तुमच्यावरही कारवाई होईल.

त्याला इथे बंटी म्हणू. बंटीचा फोन बंद होता. मामीला फोन लावला तर ती आधीच रडत होती. तोच फोटो तिला आला होता. बंटीच्या आठवीच्या वर्गशिक्षकांना आला होता. गॅस सिलिंडर आणून देणाऱ्या माणसाला आला होता. आणि ज्या घरी त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती, त्या घरातल्या मोठ्या भावालाही.

प्रकरण साधं होतं. लॅपटॉप दुरुस्तीसाठी बंटीने एका अ‍ॅपवरून सहा हजारांचं कर्ज घेतलं. ‘प्रोसेसिंग फी’ कापून हातात आले चार हजार शंभर. सात दिवसांत सहा हजार परत करायचे होते. त्याला नऊ दिवस लागले. आठव्या दिवशी सकाळी फोटो सुटले.

घरात यावर ज्या चर्चा झाल्या, त्या मी नीट ऐकल्या. मामा म्हणाला, “फोन हॅक झालाय.” मामी म्हणाली, “कुणीतरी पाळतीवर होतं.” शेजारच्या काकांनी फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावायला सांगितलं. कुणीतरी ऐकत होतं, बघत होतं, आत शिरलं होतं, याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. प्रत्यक्षात कुणीही शिरलं नव्हतं. अ‍ॅप टाकताना फोनने एक प्रश्न विचारला होता आणि बंटीने त्याला होकार दिला होता. या सगळ्याला लागला असेल एखादा सेकंद.

तरी प्रत्येकाला ‘शिरलेला माणूस’च का आठवला? मला वाटतं, आपल्याकडे या भीतीच्या ज्या गोष्टी आहेत, त्या सगळ्या त्या माणसाच्याच आहेत. भिंतींना कान असतात, ही आपली म्हणसुद्धा शेवटी भिंतीपलीकडे कान लावून बसलेल्या कुणाबद्दल तरीच आहे. त्या प्रकरणानंतर मी पाळतीवरचे काही नावाजलेले सिनेमे पुन्हा काढून पाहिले. सिनेमे चांगलेच आहेत. मला बघायचं होतं ते एवढंच, की बंटीचं काय झालं हे समजून घ्यायला त्यांपैकी कोणता उपयोगी पडतो.

कुलपं आणि किल्ल्या

सुरुवात फ्रान्सिस फोर्ड कपोलाच्या ‘द कॉन्व्हर्सेशन’पासून करायला हवी. १९७४चा सिनेमा. त्या वर्षी कान महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. तो एप्रिलमध्ये आला आणि ऑगस्टमध्ये वॉटरगेट प्रकरणात निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला. त्यामुळे तो जणू त्याच प्रकरणावर बेतलाय असं लोकांना वाटलं, पण पटकथा कपोलाने त्याच्या कितीतरी आधी लिहायला घेतली होती.

हॅरी कॉल (जीन हॅकमन) हा दुसऱ्यांची बोलणी चोरून ध्वनिमुद्रित करणारा निष्णात तंत्रज्ञ. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये, दुपारच्या गर्दीत गोल गोल फिरणाऱ्या एका जोडप्याचं बोलणं तो वेगवेगळ्या मायक्रोफोनवरून टिपतो आणि मग ते तुकडे जोडत बसतो. आवाजावरचा आवाज काढत, खरवडत, तो एक वाक्य स्वच्छ करतो. ते वाक्य ऐकून त्याची खात्री पटते की या दोघांचा खून होणार. वाक्य त्याने बरोबर ऐकलेलं असतं, पण कुठल्या शब्दावर जोर होता ते चुकतं. जोर बदलला की मरणारा आणि मारणारा यांची अदलाबदल होते. सगळी माहिती हातात असूनही माणूस पूर्ण चुकू शकतो, हे इतक्या साध्या युक्तीने सांगणारा दुसरा सिनेमा मला माहीत नाही. ‘डेटा खोटं बोलत नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवावा.

पण या वेळी माझं लक्ष दुसऱ्याच एका प्रसंगाकडे गेलं. हॅरी घरी येतो, दाराची एकेक करत कुलपं उघडतो आणि आत बघतो तर वाढदिवसाची भेट म्हणून वाइनची बाटली ठेवलेली. घरमालकिणीकडे किल्ली होती. तो तिला फोन करून हळू आवाजात, पण हट्टाने सांगतो, की किल्ली फक्त आपल्याकडेच असावी. आग लागली तर काय करायचं, या तिच्या चिंतेवर त्याचं उत्तर असं, की जळू दे, किल्ल्या सोडल्या तर माझं स्वतःचं असं आत काहीच नाही.

खासगीपणाची ही व्याख्या आपल्या डोक्यात पक्की बसलेली आहे. घर माझं, किल्ली माझी, आत मी एकटा. म्हणून सल्लेही त्याच धाटणीचे मिळतात: पासवर्ड बदला, चिकटपट्टी लावा, लॉक मजबूत करा. सिनेमाच्या शेवटी हॅरीला कळतं की आता त्याचंच घर ऐकलं जातंय. तो भिंतीचे कागद फाडतो, जमिनीच्या फळ्या उखडतो, मेरीची मूर्ती फोडतो. मायक्रोफोन सापडत नाही. उद्ध्वस्त खोलीत तो सॅक्सोफोन वाजवत बसतो. पन्नास वर्षांनंतरही ते चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. पण बंटीच्या बाबतीत फळ्या उखडून काय मिळणार होतं? त्याच्या घरातून काहीच चोरीला गेलं नव्हतं. गेले होते ते आमचे नंबर, आणि आम्ही तर त्याच्या घरात राहतही नव्हतो.

आपल्यासाठी रडणारा हेर

दुसरा सिनेमा ‘द लाइव्हज ऑफ अदर्स’. दिग्दर्शक फ्लोरियन हेंकेल फॉन डोनर्समार्क, वर्ष २००६, जर्मन. परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर याला मिळालं. १९८४चं पूर्व बर्लिन. श्टाझी या गुप्तचर खात्याचा अधिकारी वीस्लर एका नाटककाराच्या इमारतीच्या माळ्यावर हेडफोन लावून बसतो आणि ऐकता ऐकता पाघळतो. नाटककार पियानो वाजवतो तेव्हा याच्या डोळ्यांत पाणी येतं. पुढे तो अहवालात खोटं लिहून त्याला वाचवतो.

उल्रिश म्यूअचा अभिनय असा, की वीस्लरची मान नुसती वळली तरी काहीतरी घडल्यासारखं वाटतं. आपल्याकडे हा सिनेमा फार प्रिय आहे, आणि का प्रिय आहे हेही मला कळतं. आपलं आयुष्य कुणीतरी इतकं लक्ष देऊन ऐकावं, की तो माणूसच बदलून जावा, यासारखा दिलासा नाही. पाळतीची ही खरं म्हणजे प्रेमकथा झाली. श्टाझीच्या तुरुंगाच्या जागी उभ्या असलेल्या स्मारकाचे संचालक हुबर्टुस क्नाबे यांनी तिथे चित्रीकरणाला परवानगी नाकारली होती. श्टाझीचा अधिकारी नायक म्हणून दाखवणं त्यांना मान्य नव्हतं. शेवटी शेवटी त्या खात्यात सुमारे ९१ हजार पूर्णवेळ नोकर होते, खबरे वेगळे. मागे उरलेल्या कागदपत्रांची लांबी १११ किलोमीटर भरली. एवढ्या यंत्रणेतून सिनेमाने निवडला तो एक रडणारा हेर.

मला या सिनेमात जास्त खरी वाटते ती एक छोटी भूमिका, शेजारणीची. वीस्लरची माणसं घरात मायक्रोफोन बसवत असताना फ्राउ माइनेके दाराच्या भोकातून बघते. वीस्लर तिला सांगतो, एक शब्द बोललात तर मुलीची मेडिकलची जागा जाईल. बस. तिच्याबद्दल कुणी फाइल केलेली नाही, तिने काही केलेलं नाही, ती फक्त शेजारी राहते. पुढे नाटककार टाय बांधून घ्यायला तिला बोलावतो तेव्हा ती थरथरत असते. बंटीच्या प्रकरणातले गॅसवाले, वर्गशिक्षक आणि मी, आम्ही सगळे फ्राउ माइनेके होतो. सिनेमा तिला तीन-चार मिनिटं देतो आणि पुन्हा माळ्यावर जातो.

आणखी एक फरक आहे. भिंत पडल्यावर नाटककार अभिलेखागारात जातो, आपली फाइल मागतो आणि टेबलावर गठ्ठे येतात. १९९१च्या कायद्याने जर्मनीत खरोखरच लोकांना आपल्या फायली वाचण्याचा हक्क दिला. बंटीने कुठे जायचं? त्याची नंबरांची यादी आज कुणाकडे आहे, किती जणांना विकली गेली, कुठल्या मुदतीनंतर ती पुसली जाणार आहे, हे सांगणारं टेबल कुठेच नाही.

डॅनियल सोलोव्ह या कायद्याच्या अभ्यासकाने २००४ साली ‘द डिजिटल पर्सन’मध्ये यावर एक मुद्दा मांडला होता. या विषयावर बोलताना सगळे ऑर्वेलच्या ‘१९८४’चा दाखला देतात, पण खरं साम्य आहे काफ्काच्या ‘द ट्रायल’शी. तिथे कुणी डोळे वटारून बघत नाही. कुठेतरी आपल्याबद्दलचा कागद आहे, त्यावरून कुणीतरी निर्णय घेतं आहे, आणि आपल्याला ना कागद दिसतो ना तो कुणी. वीस वर्षं झाली, मुद्दा अजून ताजा आहे. पण काफ्काचा जोसेफ के.सुद्धा एकटाच आहे. खटला त्याच्यावरच आहे. त्याच्या मावसबहिणीला सकाळी पावणेआठला फोटो येत नाही.

वरून बघणारा कॅमेरा

मग मी घरच्या सिनेमाकडे आले. दिबाकर बॅनर्जींचा ‘लव्ह सेक्स और धोखा’, २०१०. तीन गोष्टी, तिन्ही कुठल्या ना कुठल्या कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या: एक हौशी दिग्दर्शकाचा हँडीकॅम, एक दुकानाचा सीसीटीव्ही, एक स्टिंग ऑपरेशनचा छुपा कॅमेरा. मधली गोष्ट एका सुपरमार्केटची. राजकुमार रावची ही पहिली मुख्य भूमिका. त्याने केलेला आदर्श हा दुकानातला सुपरवायझर. डोक्यावर कर्ज, आणि हातात कॅमेऱ्यांची खोली. दुकानातल्या एका मुलीबरोबरची चित्रफीत बनवून विकायची, हा त्याचा मार्ग. मधे त्याचा जीव तिच्यावर खरोखर जडतो, आणि तरीही.

या ‘तरीही’मध्ये सिनेमाची ताकद आहे. इथे पाळत ठेवणारा ना सरकारचा माणूस आहे, ना महान तंत्रज्ञ. महिनाअखेरीला पैसे न पुरणारा एक पोरगा आहे. कॅमेरा चोर पकडायला बसवलेला आहे आणि तेच काम तो करतोही. कुणी आत शिरलेलं नाही, कुलूप तोडलेलं नाही. रोजच्या वापराची वस्तू, रोजच्या अडचणीतला माणूस, आणि दोघांच्या मधे सहज मिळालेली परवानगी. बॅनर्जी सीसीटीव्हीची चौकट जशी असते तशीच ठेवतात, वरून, लांबून, निर्विकार. नायिकेचा चेहरा भावनेच्या क्षणी जवळून बघायला मिळत नाही, कारण भिंतीवरच्या कॅमेऱ्याला भावनेशी देणंघेणं नसतं. सिनेमा आला तेव्हा ‘धक्कादायक’ म्हणून गाजला. आज बघताना धक्का कमी बसतो आणि ओळख जास्त पटते.

बंटीला फोटो पाठवणाराही असाच कुणीतरी असेल, असं मला आता वाटतं. कुठल्यातरी गाळ्यात बसून, दिवसाला अमुक वसुलीच्या बोलीवर, यादीतल्या नंबरांना एकामागून एक फोटो ढकलणारा. कदाचित त्याच्याही डोक्यावर असंच एखादं कर्ज. मला त्याची दया येत नाही. पण त्याच्यात मला वीस्लरही दिसत नाही. त्याने बंटीचं काहीही ऐकलेलं नाही. त्याच्यासमोर नंबर आहेत, नावं आहेत, आणि रक्कम.

जोला कुणी विचारलं?

शेवटचा ‘कंट्रोल’. विक्रमादित्य मोटवाने यांचा, ऑक्टोबर २०२४मध्ये नेटफ्लिक्सवर आलेला. बराचसा सिनेमा स्क्रीनच्या आतच घडतो: खिडक्या, चॅट, व्हिडिओ कॉल. नेला (अनन्या पांडे) आणि जो (विहान समत) हे इन्फ्लुएन्सर जोडपं. जोला दुसऱ्या मुलीबरोबर पकडल्यावर नेला एक एआय सहायक घेते आणि त्याला काम देते: माझ्या सगळ्या फोटोंमधून, व्हिडिओंमधून जोला पुसून टाक. सहायक मन लावून कामाला लागतो. समुद्रकिनाऱ्यावर, वाढदिवसाला, गाडीत, जो जिथे जिथे होता तिथे आता नुसती रिकामी पार्श्वभूमी. आणि मग खरा जो गायब होतो.

पहिला भाग मी दोनदा पाहिला. अनन्या पांडेचं यातलं काम तिच्या आजवरच्या उत्तम कामांपैकी आहे. पुसण्याची ती दृश्यं गमतीची आहेत आणि अंगावर काटाही आणतात. पण पुढे सिनेमाला खलनायक लागतो. एक मोठी कंपनी, एक गुप्त योजना, ती फोडू पाहणाऱ्याचा मृत्यू. इथून पुढे आपण पुन्हा ओळखीच्या गल्लीत शिरतो. एक ‘ते’ आहेत, त्यांचा कट आहे, तो उघडा पडला की प्रश्न समजला.

सिनेमाच्या हातात एक जास्त अवघड प्रश्न आलेला होता. ते फोटो नेलाचे होते हे खरं. पण त्यांतला चेहरा जोचा होता. नेलाने परवानगी दिली आणि एका कंपनीच्या यंत्राने जोचा चेहरा शेकडो ठिकाणी ओळखला, मोजला, पुसला. जोला कुणी विचारलं? कुणीच नाही. नेलालाही तसं वाटलं नाही आणि, माझी तक्रार हीच आहे, सिनेमालाही वाटलं नाही. शेवटी एकटी पडलेली नेला पुन्हा त्याच अ‍ॅपकडे जाते आणि सहायकाला जोचा चेहरा देते. हे दृश्य तिच्या एकाकीपणाचं म्हणून लिहिलंय आणि तसं ते पोचतंही. पण त्याच दृश्यात एका मेलेल्या माणसाचा चेहरा त्याला न विचारता दुसऱ्यांदा वापरला जातोय. कंपनीच्या कटापेक्षा हे जास्त भयानक आहे, कारण हे आपण रोज करतो, आणि प्रेमाने करतो.

एका वाक्याचं वाचन

म्हणजे चारही सिनेमांतून मला जे मिळालं नाही ते एका वाक्यात होतं. फोन मराठीत वापरणाऱ्यांना ते वाक्य माहीत असेल: अमुक अ‍ॅपला तुमचे संपर्क बघायची अनुमती द्यायची का? समीक्षकाने कवितेची ओळ वाचावी तसं हे वाक्य वाचून बघू.

‘अनुमती’ हा शब्द वडीलधाऱ्यांकडून घ्यायचा आहे, भारदस्त आहे. तो मला मोठेपणा देतो. जणू दारात कुणी अदबीने उभं आहे आणि मी मालक. ‘संपर्क’ हा शब्द माणसांना वस्तू करतो. मामी, वर्गशिक्षक, गॅसवाले ही माणसं राहत नाहीत, त्यांचा ‘संपर्क’ होतो. पण खरी मेख आहे ती ‘तुमचे’ या शब्दात. तुमचे संपर्क. जशी तुमची बॅटरी, तुमचे फोटो. बंटीच्या फोनमधला माझा नंबर बंटीचा कसा? तो मी त्याला दिला होता, त्याने मला फोन करावा म्हणून. त्याने तो पुढे द्यावा असं आमचं काही ठरलं नव्हतं. त्या एका षष्ठी विभक्तीने आम्हा सगळ्यांची मालकी बंटीकडे गेली, आणि मग त्याने ती ‘देऊन’ टाकली.

यात किती माणसं सापडतात याचा एक जाहीर हिशेब उपलब्ध आहे. केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणात, २०१८मध्ये, फेसबुकने स्वतः सांगितलं होतं की भारतात ते प्रश्नमंजूषेचं अ‍ॅप टाकलं होतं ३३५ जणांनी. माहिती गेली असण्याची शक्यता होती ५,६२,४५५ जणांची. बाकी सगळे त्यांचे मित्र, आणि त्यांचा दोष एवढाच की ते मित्र होते. या प्रकरणावर ‘द ग्रेट हॅक’ नावाचा माहितीपट २०१९मध्ये आला. त्यात आपली माहिती परत मागणारा एक प्राध्यापक आहे, कंपनीतून बाहेर पडलेली एक कर्मचारी आहे. ३३५ आणि साडेपाच लाख या दोन आकड्यांच्या मधलं नातं मात्र कुणाच्याच गोष्टीत मावलेलं नाही.

नियम हळूहळू का होईना, इथवर आले आहेत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत कर्ज देणाऱ्या अ‍ॅपना फोनमधली संपर्कयादी, कॉलची नोंद, फायली यांना हात लावायला मनाई केली. गूगलनेही मे २०२३च्या अखेरीपासून आपल्या प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅपना संपर्क आणि फोटो बंद केले. बंटीने अ‍ॅप घेतलं होतं ते प्ले स्टोअरवरून नव्हे, मेसेजमध्ये आलेल्या लिंकवरून. नियम एका दारावर आणि माणूस दुसऱ्या दारातून आत, ही आपल्याकडची जुनीच गोष्ट आहे.

२०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात एक तरतूद मला भाषेची विद्यार्थिनी म्हणून आवडते: संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचता आली पाहिजे. म्हणजे मराठीतही. पण कुठल्या मराठीत? ‘प्रायव्हसी’ला आपण सर्रास ‘गोपनीयता’ म्हणतो. गोपनीय म्हणजे लपवण्याजोगं. मंत्री शपथ घेतात ती गोपनीयतेची, परीक्षा मंडळाची पाकिटं गोपनीय. हा शब्द वापरला की पुढचा प्रश्न आपोआप येतो: तुला लपवण्यासारखं आहे काय? मामाने बंटीला नेमकं हेच विचारलं. ‘खासगी’ हा शब्द त्यापेक्षा बरा. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ वेगळी आणि ‘खासगी’ वेगळी असे; खासगी म्हणजे लपवलेली नव्हे, आपल्या अखत्यारीतली. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने मूलभूत ठरवला तो हक्क या अखत्यारीचा आहे. पण ‘खासगी’सुद्धा शेवटी एकट्याचंच. माझ्याकडे ठेवायला दिलेली तुझी गोष्ट, यासाठी मराठीत एक जुना शब्द आहे: ठेव. फोनमधले नंबर ही ठेव आहे. ‘तुमच्याकडे ठेवायला दिलेले इतरांचे नंबर या अ‍ॅपला द्यायचे का?’ असं फोनने विचारलं असतं, तर बंटीचा अंगठा थोडा तरी अडला असता, असं मला वाटतं.

यावर कुणी म्हणेल, सिनेमाने काय परवानग्यांचं प्रशिक्षण द्यायचं का? नाही. थरारपटाला खलनायक लागतो आणि अंगठा हा फार कंटाळवाणा खलनायक आहे, हे मान्य. पण संपर्कयादीत गोष्ट नाही, असं कुणी म्हणू नये. आपली यादी उघडून बघा. ‘संतोष गॅस’, ‘मीना मावशी नवीन’, ‘मीना मावशी जुना’, ‘उचलू नये’, ‘उचलू नये २’, ‘वकील (आईला सांगू नये)’, गेलेल्या माणसाचा न पुसलेला नंबर. आपण कुणाला काय समजतो, कुणाला टाळतो, कुणापुढे हात पसरतो, सगळं त्यात आहे. एवढं प्रामाणिक लेखन आपण दुसरीकडे कुठेच करत नाही. आणि ते आपण पहिल्यांदा वाचायला देतो ते एखाद्या टॉर्चच्या अ‍ॅपला.

बंटीचं लग्न त्या घरी जमलं नाही. कारण दुसरंच सांगितलं गेलं. गणपतीला तो घरी आला नाही. मामीने सगळ्यांना फोन करून माफी मागितली, गॅसवाल्याचीसुद्धा. तो बिचारा म्हणाला, “ताई, मला असे दोन-तीन आलेत, मी बघत नाही.”

मी बराच काळ बंटीवर चिडलेली होते. माझा नंबर दिलास कसा, हे मला त्याला सुनवायचं होतं. सुनवण्याआधी, आपली बाजू पक्की असावी म्हणून, मी माझ्या फोनच्या सेटिंगमध्ये गेले. संपर्क बघायची परवानगी अकरा अ‍ॅपना होती. त्यांत एक अनोळखी नंबरांची नावं सांगणारं, एक रिक्षाचं, एक लुडोचं. लुडोचं मी लॉकडाऊनमध्ये घेतलं होतं आणि पुन्हा उघडलंही नव्हतं. त्या अकरा ठिकाणी बंटीचा नंबर गेला होता, मी दिलेला. नंबरच नाही, नावही. माझ्या फोनमध्ये तो ‘बंटी मामेभाऊ उसने ३०००’ असा होता.

तीन हजार त्याने कधीच परत केले होते. नाव बदलायचं राहिलं होतं.

रात्री त्याला फोन लावला. या वेळी उचलला. मी सगळं सांगितलं, लुडोसकट. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “ताई, आता काय नावाने ठेवलंयस?”